श्यामच्या आईचा मुलगा

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात १ मे १९४७ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांनी आमरण उपोषण आरंभिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. तत्पूर्वी काही महिने त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला होता. उपोषण सोडावे, असे खुद्द गांधीजींनी तारेने कळविले, तरी गुरुजी बधले नाहीत. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याची ग्वाही मिळाल्यावरच त्यांनी उपोषण सोडले. लहानसहान गोष्टींनी डोळे भरून येणाऱ्या या माणसात एवढा निग्रह कोठून आला, याचे उत्तर शोधू लागले की कोकणातल्या पालगडास जावे लागते.

तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधून या घराचे, विशेषतः आई यशोदाबाईंचे, चित्र आपल्याला ठाऊक आहे. ती आई निव्वळ मायाळू नव्हे. पोहायला जायला भिऊन लपलेल्या श्यामला ती मारून विहिरीवर धाडते. पायाला माती लागू नये म्हणून आपले लुगडे पसरते. पण त्याच वेळी मनालाही तसेच जपायला सांगते. वृद्ध महारणीची मोळी उचलून दे, मग हवे तर आंघोळ कर, असेही तीच सुचविते. पंढरपूरच्या उपोषणाचे मूळ या मोळीपाशी पाहणे फारसे चुकीचे ठरू नये.

मनोविज्ञानाने पुढे या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील गॉर्डन पार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांची माया आणि त्यांचे नियंत्रण यांविषयीच्या आठवणी मोजणारी प्रश्नावली मांडली. नैराश्यग्रस्तांना बालपणी माया कमी आणि बंधने अधिक असल्याचे आठवते, असे अनेक पाहण्यांत दिसले. अर्थात, खिन्न मनाच्या आठवणीही खिन्न असतात. शिवाय उपजत स्वभाव असतोच. गुरुजी तर या साच्यात मुळीच बसत नाहीत, कारण त्यांना मायेची वाण कधीच नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिडनी ब्लॅट यांनी नैराश्याचे दोन प्रवाह वेगळे केले: एकात जिवलगाच्या वियोगाचे भय, दुसऱ्यात स्वतःलाच अखंड दोष देणे. गुरुजींच्या आयुष्यात दोन्हींच्या खुणा आढळतात. कोणा डॉक्टरने त्यांचे निदान केले होते, असे मात्र समजू नये.

२ नोव्हेंबर १९१७ रोजी आई गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी पुण्यात होते. अखेरची भेट झाली नाही. ते अविवाहित राहिले. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविताना वसतिगृहातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धूत. रागावण्याऐवजी स्वतः कष्टून मुलांना लाजविण्याची ही रीत आईचीच होती, पण तिचा मार त्यांनी गाळला होता. शिक्षा करायची तर ती स्वतःला. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाल्यावर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवस उपवास केला. अपराध दुसऱ्याचा, शासन मात्र आपल्या देहाला!

त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. बाहेर कामाचा डोंगर होता, भोवती जिवाला जीव देणारे तरुण होते. तरीही स्वतंत्र भारतातील वास्तव पाहून आत साचत गेलेली उदासी ओसरली नाही. सोबत्यांना ती दिसत नव्हती असे नाही. परंतु हळवेपणा हा गुरुजींचा स्वभावच, अशी सर्वांची समजूत होती आणि त्या काळी मनाच्या दुखण्यावर औषधोपचार करण्याची वाट सहसा कोणी धरीतही नसे. याच सुमारास आपल्या पुतणीला लिहिलेली त्यांची पत्रे ‘साधने’त येत होती. त्यांत फुले आहेत, पाखरे आहेत, थोरामोठ्यांच्या गोष्टी आहेत आणि मुलीविषयीचे निखळ कौतुक आहे. ११ जून १९५० रोजी मुंबईत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःचे जीवन संपविले.