खडकीत बिअर बनायची, पण भांड्यातल्या गॅसचं कोडं सोडवलं पाश्चर यांनी

खडकी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो दारूगोळ्याचा कारखाना, कॅन्टोन्मेंट आणि १८१७ ची इंग्रज-मराठ्यांची लढाई. पण ब्रिटिश काळात याच खडकीत बिअरसुद्धा बनायची. एच. जी. मीकिन या इंग्रजाने शिमला आणि कसौलीच्या जुन्या ब्रुअरी विकत घेतल्या आणि राणीखेत, डलहौसी, दार्जिलिंगसोबत खडकीतही नवी ब्रुअरी उभी केली.

बिअर बनवणाऱ्या प्रत्येकासमोर एक अडचण असतेच. मग तो मीकिन असो, नाहीतर परदेशात घरच्या घरी पहिल्यांदा बिअर करून बघणारा नवशिका. यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १०० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर हिशेबाने जवळपास ४९ ग्रॅम गॅस निघतो, म्हणजे २५ लिटरहून जास्त. झाकण गच्च लावलं तर भांडं फुटायची भीती. उघडं ठेवलं तर जंतू शिरणार आणि बिअर नासणार. मग करायचं काय?

हे कोडं सुटलं ते लुई पाश्चर यांच्यामुळे.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या डोल गावचा. वडील कातडी कमावायचे. पोरगा शिकून रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८५६ मध्ये लील शहरात बिगो नावाचे एक कारखानदार त्यांच्याकडे आले. बिटापासून अल्कोहोल बनवताना त्यांची काही पिंपं आंबट होत होती. पाश्चर यांनी मायक्रोस्कोप लावला. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल कण होते, तर नासलेल्या पिंपात काडीसारखे दुसरेच जीव.

यीस्ट जिवंत असतं, असं काही जणांनी आधीही सांगितलं होतं. पण त्या काळातले बडे रसायनशास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते. मग नासवणारे जंतू येतात कुठून? पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेला काचेचा चंबू घेतला आणि त्यात रस उकळला. नळीचं तोंड उघडंच होतं, हवा आत-बाहेर करत होती. पण धूळ आणि जंतू वळणातच अडकले आणि रस नासला नाही.

याच वर्षांत घरावर मात्र आघातावर आघात झाले. १८५९ मध्ये थोरली मुलगी टायफॉइडने गेली. १८६५ आणि १८६६ मध्ये आणखी दोन मुली गेल्या, त्यातली एक टायफॉइडनेच. १८६८ मध्ये पक्षाघात होऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली.

तरी गडी थांबला नाही. जर्मनीकडून फ्रान्स हरल्यावर जर्मन बिअरला टक्कर द्यायचीच, या जिद्दीने ते बिअरकडे वळले. १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत जाऊन त्यांनी तिथल्या यीस्टमधली भेसळ मायक्रोस्कोपखाली दाखवून दिली. १८७६ मध्ये बिअरवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्याचं सार सोपं होतं: यीस्ट शुद्ध ठेवा आणि बाहेरचे जंतू आत येऊ देऊ नका.

आज नवशिके वापरतात तो एअरलॉक हेच काम करतो. वाकड्या नळीत थोडं पाणी असतं. आत दाब वाढला की गॅस बुडबुडे होऊन बाहेर पडतो, पण बाहेरच्या हवेला पाणी आडवं येतं. कधीकधी बुडबुडेच दिसत नाहीत आणि नवशिका घाबरतो. पण झाकण नीट बसलं नसेल तर गॅस त्या फटीतून निसटत असतो. आंबणं संपलं की नाही हे हायड्रोमीटर सांगतो. दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला की समजायचं, काम झालं. (महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे.)

पुढे १८८५ मध्ये पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पाश्चर यांची लस दिली गेली आणि तो वाचला. २८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर गेले. पाचच वर्षांनी, १९०० मध्ये, भारतातलं पहिलं पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झालं. कुठे? मीकिनची ब्रुअरी होती त्याच कसौलीत.