डॉ. कमल रणदिवे : पेशी जगविण्याची विद्या

मधुमेही माणसाच्या पायाला झालेली लहानशी जखम महिनोन्‌महिने भरून येत नाही आणि अखेरीस बोट किंवा पाऊल गमावण्याची पाळी येते, हा अनुभव महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना आता अपरिचित राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर गेली आहे. मीरारोडच्या शांतीनगरसारख्या वसाहतीतून भल्या सकाळी निघून लोकलच्या गर्दीत उभ्याने चर्चगेट गाठणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला बुटात शिरलेला खडा जाणवेनासा होतो, तेव्हा रोगाने त्याच्या चेतातंतूंपर्यंत मजल मारलेली असते. वेदना नाही म्हणून काळजी नाही आणि काळजी नाही म्हणून जखम चिघळते, असे हे दुष्टचक्र आहे.

या न भरणाऱ्या जखमेचे मूळ पेशींच्या चयापचयात असते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी होऊ लागतात, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि नवी त्वचा निर्माण करणाऱ्या पेशी वेळेवर कामाला लागत नाहीत. त्वचेच्या तळाशी असणाऱ्या मूलपेशींना, म्हणजेच स्टेम सेलना, पुन्हा कार्यप्रवण कसे करावे, अथवा शरीराबाहेर वाढविलेल्या पेशींचा थर जखमेवर कसा पसरावा, या प्रश्नांवर आज जगभर संशोधन चालू आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशींपासून तयार केलेल्या त्वचेला मधुमेही पायाच्या उपचारासाठी अमेरिकेत 2000 साली मान्यताही मिळाली. परंतु या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एकच विद्या आहे, आणि ती म्हणजे शरीरातून वेगळी केलेली पेशी काचेच्या पात्रात जिवंत ठेवण्याची व वाढविण्याची. ही विद्या मुंबईत आणून रुजविणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमल रणदिवे. मधुमेह हा त्यांच्या संशोधनाचा विषय नव्हता. तरीही मधुमेही जखमेवर आज या देशात जे पेशीसंशोधन होते, त्याचा पाया शोधू गेल्यास त्यांच्या परळ येथील प्रयोगशाळेपर्यंत जावे लागते.

कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलींना उत्तम शिक्षण मिळालेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हुजूरपागेतील शिक्षण संपवून कमलताई फर्ग्युसनमध्ये दाखल झाल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने या दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. वनस्पती व प्राणी यांच्या अंतरंगाचा अभ्यास तिला रुग्णतपासणीपेक्षा अधिक प्रिय होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा आणि गुणसूत्रांचा अभ्यास करून त्यांनी 1943 साली एम.एस्सी. पदवी मिळविली. तत्पूर्वीच, मे 1939 मध्ये, गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. या विवाहामुळे त्या मुंबईस आल्या आणि पतीच्या पाठिंब्यामुळे त्यांचे संशोधन अखंड चालू राहिले.

मुंबईत 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळेची धुरा भारतातील विकृतिशास्त्राचे जनक समजले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. कर्करोगाचे निदान करणे एवढ्यावरच न थांबता तो का होतो, हे शोधणारे स्वतंत्र संशोधन या देशात झाले पाहिजे, असे खानोलकरांचे मत होते. त्यांच्याच प्रयत्नांतून पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. सीताफळाच्या गुणसूत्रांवर काम केलेल्या तरुणीला त्यांनी कर्करोगाच्या अभ्यासाकडे वळविले, यात त्यांची गुणग्राहकता दिसते. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर टिकविण्यासाठी गे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली होती. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातून काढलेल्या पेशी 1951 साली त्यांच्या प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या आणि जगातील पहिला चिरंजीव मानवी पेशीवंश अस्तित्वात आला. त्या दुर्दैवी स्त्रीची संमती कोणी घेतली नव्हती, हा या शोधावरील डाग आज सर्वमान्य आहे. अशा नामवंत ठिकाणी विद्या संपादन केलेल्या व्यक्तीला परदेशात राहून नाव कमावणे अवघड नव्हते. डॉ. रणदिवे मात्र स्वदेशी परतल्या आणि त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील ही अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

हे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहजी येत नाही. पेशीला अहोरात्र शरीराइतकीच, म्हणजे सुमारे 37 अंश सेल्सिअसची ऊब हवी असते. क्षार, साखर, ॲमिनो आम्ले आणि रक्तद्रव यांचे काटेकोर मिश्रण तिला अन्न म्हणून पुरवावे लागते. हवेतील एखादा जंतू किंवा बुरशीचा कण पात्रात शिरला की महिन्यांचे श्रम वाया जातात, आणि मुंबईच्या दमट हवेत असे कण पदोपदी असतात. पेशीसंवर्धनाची पोषकद्रव्ये व रसायने आयात करणे त्या काळी महाग व बेभरवशाचे होते. डॉ. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती येथेच तयार करण्याचा मार्ग पत्करला. यंत्र विकत घेता येते, परंतु ते चालविणारे हात आणि त्यामागील दृष्टी विकत मिळत नाही. ती घडवावी लागते, आणि येथे ती घडत गेली.

या पायावर त्यांचे कर्करोगविषयक संशोधन उभे राहिले. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाला आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा एक घटक कारणीभूत असतो, असे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी 1936 साली दाखविले होते. तो घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध काय, कोणत्या प्राण्यात रोग होतो व कोणत्यात होत नाही, याचा डॉ. रणदिवे यांनी बारकाईने अभ्यास केला. रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. सुपारी, पान व तंबाखू यांच्या परिणामांची प्राण्यांवर तपासणी करणारे त्यांचे व सहकाऱ्यांचे 1970 नंतरच्या दशकातील काम तर सामान्य माणसाच्या रोजच्या सवयीला थेट भिडणारे होते. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. 1966 ते 1970 या काळात केंद्राच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहताना कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र व प्रतिकारशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग त्यांनी सुरू केले.

त्यांच्या कार्याचा दुसरा मोठा भाग कुष्ठरोगाचा. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले, बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, आणि समाजाने टाकलेल्या रोग्याला माणूस म्हणून उभे केले. प्रयोगशाळेपुढचा प्रश्न वेगळा होता. नॉर्वेतील हॅन्सन यांनी 1873 साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला. परंतु तो कृत्रिम माध्यमात काही केल्या वाढत नव्हता, आणि जंतू वाढविता येत नाही तोवर लस करणे कठीण. डॉ. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी रुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वेगळा करून तो वाढविल्याचे 1958 साली जाहीर केले. पेशीसंवर्धनाचे त्यांचे कौशल्य येथे उपयोगी पडले. या कामाबद्दल डॉ. रणदिवे यांना 1964 साली वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कारही त्यांना लाभला.

पुढील तपासणीत हा जंतू कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याच्या दूरच्या नातेवाईकांपैकी असल्याचे दिसून आले. मूळ जंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढत नाही. म्हणून परळचे काम व्यर्थ ठरले काय? तसे झाले नाही. याच जंतूपासून केंद्रात लस तयार झाली, आणि दक्षिण भारतात 1990 नंतरच्या दशकात झालेल्या तुलनात्मक चाचणीत तिने सुमारे 65 टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. तोपर्यंत अनेक औषधांचा एकत्रित उपचार प्रभावी ठरला होता, त्यामुळे ती लस घराघरात पोहोचली नाही. विज्ञानात एखादे अनुमान दुरुस्त होते, पण त्यासाठी केलेला प्रामाणिक प्रयोग उपयोगी राहतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. कुष्ठरोगी आणि मधुमेही यांच्या पायांची व्यथाही एकाच जातीची आहे. दोघांचाही चेतातंतू बधिर होतो, दोघांनाही जखम कळत नाही. कुष्ठरोग्याच्या तळव्याची निगा राखताना वैद्यकाने जे शिकून घेतले, ते आज मधुमेह्याच्या कामी येत आहे.

स्वतःला मिळालेली संधी इतर स्त्रियांना मिळत नाही, याची डॉ. रणदिवे यांना खंत होती. मूल लहान आहे, राहायला जागा नाही, बदलीच्या गावी कोणी आपले नाही, अशा साध्या अडचणींपायी कितीतरी हुशार मुली संशोधन सोडून देतात. 1973 साली भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. वाशी येथे या संघटनेने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालविले, यावरून केवळ भाषणांवर न थांबता अडचणीच्या मुळाशी जाण्याची त्यांची रीत ध्यानात येते. 1982 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. निवृत्तीनंतर त्यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण देण्याच्या कामात लक्ष घातले. 2001 च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जयंतीला नाव घेऊन थांबणे सोपे आहे. त्यांच्या आयुष्यातून निघणारा बोध मात्र खर्चाचा आणि धीराचा आहे. पेशी जगविण्याची विद्या मुंबईत आली तेव्हा तिचा तात्काळ उपयोग कोणाला सांगता आला नसता. मधुमेही जखमेवर पेशींचा थर पसरण्याची कल्पना तर कित्येक वर्षे दूर होती. तरीही खानोलकरांनी एका वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीवर विश्वास टाकला आणि सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेने तिला दीर्घकाळ स्थैर्य दिले. आज दोन-तीन वर्षांच्या मुदतीच्या प्रकल्पांवर, तात्पुरत्या नेमणुकांवर आणि उशिरा हाती पडणाऱ्या शिष्यवृत्त्यांवर तरुण संशोधकांनी जगावे, अशी अपेक्षा केली जाते. अशा जमिनीत दुसरी कमल रणदिवे उगवणे कठीण आहे. कोट्यवधी मधुमेहींच्या जखमा परदेशी बनावटीच्या महागड्या त्वचेने भरून निघणार नाहीत, कारण ती विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची आहे. त्या भरायच्या असतील तर येथील माणसाला परवडणारा उपाय येथेच शोधावा लागेल, आणि तो शोधणाऱ्यांना सात-आठ वर्षे निर्वेधपणे काम करू द्यावे लागेल. तोवर रोज रात्री आपले तळवे निरखून पाहण्याची सवय प्रत्येक मधुमेह्याने लावून घ्यावी. त्याला खर्च काहीच नाही, आणि पाऊल वाचविण्याचा तो आजही खात्रीचा मार्ग आहे.