शेअर बाजाराचे गणित मांडणारा पहिला प्रबंध

वित्तीय गणितात एम.एस्सी.चा प्रबंध लिहून पुरा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत सर्वांत जुनी नोंद बहुधा एकच असते: बाशेलिए, १९००. नाव सगळे लिहितात. या माणसाला त्या प्रबंधाने काय दिले आणि काय दिले नाही, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

लुई बाशेलिए यांचा जन्म ११ मार्च १८७० रोजी फ्रान्समधील ल हाव्र या बंदराच्या गावी झाला. वडील मद्याचे व्यापारी, आई बँकरच्या घराण्यातली. घर खाऊनपिऊन सुखी होते. १८८८ मध्ये शालान्त परीक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी, चार महिन्यांच्या अंतराने, आई-वडील दोघेही गेले. एकोणिसाव्या वर्षी लुईवर दुकान, बहीण आणि तीन वर्षांचा धाकटा भाऊ यांची जबाबदारी आली. मग सक्तीची लष्करी सेवा. त्यांच्या वयाची हुशार मुले पॅरिसच्या नामवंत संस्थांतून गणित शिकत होती, तेव्हा हे ल हाव्रमध्ये व्यापार पाहत होते. १८९२ मध्ये ते सोरबॉन विद्यापीठात पोहोचले, तोवर उशीर झाला होता. फ्रान्समध्ये प्राध्यापकीची वाट त्या नामवंत संस्थांमधून जाई, आणि ती त्यांना कायमची बंद झाली होती.

प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय ऐकून परीक्षक चक्रावले असतील. त्या काळी गणिताचा प्रबंध म्हणजे फलनांचा सिद्धान्त, भूमिती किंवा फार तर द्रवगतिशास्त्र. बाशेलिए यांनी विषय घेतला सट्टेबाजीचा.

पॅरिसच्या बाजारात फ्रेंच सरकारच्या तीन टक्के व्याजाच्या कर्जरोख्यांचे मोठे व्यवहार होत. या रोख्यांची मुद्दल परत मिळण्याची तारीखच नसे. व्याज मात्र चालू राही. त्यांचे भाव रोज वरखाली होत आणि त्यावर वायदे चालत. एक सौदा असा असे: थोडी रक्कम आधी द्यायची, ठरलेल्या दिवशी भाव सोयीचा असला तर खरेदी पुरी करायची, नसला तर दिलेली रक्कम सोडून मोकळे व्हायचे. आज यालाच ऑप्शन म्हणतात. मुंबईच्या जुन्या बाजारात अशा सौद्यांना तेजी आणि मंदी अशी सुटसुटीत नावे होती. प्रश्न असा, की आधी द्यायची ती रक्कम किती असावी? दलाल अंदाजाने सांगत. बाशेलिए यांना त्याचे सूत्र हवे होते.

त्यांनी सुरुवात एका साध्या निरीक्षणाने केली. प्रत्येक सौद्यात एक खरेदी करणारा असतो आणि एक विकणारा. एकाला भाव चढेल असे वाटते, दुसऱ्याला उतरेल असे. दोघेही त्याच भावाला तयार होतात, म्हणजे त्या क्षणी बाजाराचा कल एका बाजूला झुकलेला नसतो. सट्टेबाजाची सरासरी अपेक्षित कमाई शून्य. मग पुढचा भाव म्हणजे नाणेफेकीसारखीच गोष्ट झाली: एक पाऊल वर किंवा एक पाऊल खाली, दोन्हींची शक्यता सारखी. अशी असंख्य बारीक पावले जोडली की भाव कुठे असेल हे सांगता येत नाही, पण मूळ जागेपासून साधारण किती दूर असेल हे सांगता येते. हे अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एका दिवसात भाव साधारण १० रुपये हलत असेल, तर चार दिवसांत ४० नव्हे, २० रुपये. नऊ दिवसांत ३०.

यापुढची पायरी अधिक सुंदर आहे. भावाची संभाव्यता एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूंकडे कशी पसरते, हे मांडताना त्यांना जे समीकरण मिळाले ते ओळखीचेच होते. तापवलेल्या सळईत उष्णता पसरते त्याचे, फूरिएने मांडलेले समीकरण! मग त्यांनी आपल्या सूत्रांची उत्तरे १८९४ ते १८९८ या काळातील बाजाराच्या प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहिली. ती बऱ्यापैकी जुळली.

२९ मार्च १९०० रोजी तोंडी परीक्षा झाली. समोर पॉल आपेल, जोसेफ बुसिनेस्क आणि आन्री प्वाँकारे होते. प्वाँकारे म्हणजे त्या काळचे सर्वांत मोठे गणिती. त्यांनी अहवालात उष्णतेशी जोडलेल्या कल्पनेचे कौतुक केले आणि ती आणखी फुलवायला हवी होती, अशी हळहळही नोंदवली. विषय नेहमीच्या प्रबंधांहून बराच दूरचा आहे, हेही नमूद केले. प्रबंधाला शेरा मिळाला ‘सन्माननीय’. विद्यापीठात जागा हवी असणाऱ्याला ‘अतिशय सन्माननीय’ शेरा लागे. एका शब्दाचा फरक, पण तो पुढे सत्तावीस वर्षे भोवला.

पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, आइन्स्टाइनने पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या धडपडीचे म्हणजे ब्राउनियन गतीचे गणित मांडले. ते याच जातीचे होते. त्याला या प्रबंधाचा आधार नव्हता. तो वेगळ्या वाटेने तिथे आला.

बाशेलिए १९०९ पासून सोरबॉनमध्ये संभाव्यतेवर व्याख्याने देत होते, पण कायम जागा नव्हती. १९१४ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी जुगार आणि योगायोगावर पुस्तक लिहिले आणि ते चांगले खपले. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ते साधे शिपाई म्हणून सैन्यात गेले. परतल्यावर बेझान्साँ, दिजाँ, रेन अशा गावांतून हंगामी नोकऱ्या केल्या. १९२० मध्ये लग्न झाले आणि थोड्याच काळात पत्नी वारली.

१९२६ मध्ये दिजाँला कायम जागा निघाली. तिथले प्राध्यापक मॉरिस जव्रे यांनी बाशेलिए यांच्या १९१३ च्या एका लेखात चूक दाखवली आणि संभाव्यतेचे जाणकार पॉल लेव्ही यांना विचारले. लेव्हींनी पत्राने चुकीला दुजोरा दिला. जागा गेली. चूक खरे तर नव्हती. बाशेलिए यांची मांडणी ढिली असे, हे खरे. पण त्या पानाआधी त्यांनी काय गृहीत धरले आहे ते लेव्हींनी पाहिले नव्हते. १९३१ मध्ये रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांच्या लेखात बाशेलिए यांचा उल्लेख दिसला, तेव्हा लेव्हींनी पुन्हा वाचन केले, गैरसमज त्यांच्या ध्यानात आला आणि दोघांत समेट झाला. तोवर, १९२७ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी बाशेलिए यांना बेझान्साँला प्राध्यापकपद मिळाले होते. तिथूनच ते १९३७ मध्ये निवृत्त झाले आणि २८ एप्रिल १९४६ रोजी वारले.

आणखी दहाएक वर्षांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जिमी सॅव्हेज यांच्या हाती ते १९१४ चे पुस्तक लागले. त्यांनी अर्थतज्ज्ञांना पोस्टकार्डे टाकून विचारले, की हा माणूस कुणाला माहीत आहे का? एक कार्ड पॉल सॅम्युएलसन यांना गेले. त्यांनी मूळ प्रबंध शोधून काढला आणि १९६४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. सॅम्युएलसन यांनी त्यातला एक दोष दुरुस्त केला. बाशेलिए यांच्या गणितात भाव शून्याखाली जाऊ शकतो, जे व्यवहारात अशक्य मानले जाई. म्हणून रुपयांतला बदल न धरता टक्क्यांतला बदल धरायचा. याच धर्तीवर १९७३ मध्ये ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांचे ऑप्शनच्या किमतीचे सूत्र आले आणि १९९७ मध्ये शोल्स व मर्टन यांना त्यासाठी नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले.

२० एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव पिंपामागे उणे ३७ डॉलरच्याही खाली बंद झाला. मुंबईच्या एमसीएक्स बाजारातही त्या महिन्याच्या सौद्यांची तडजोड उणे २,८८४ रुपयांना झाली आणि दलालांपासून छोट्या गुंतवणूकदारांपर्यंत अनेक जण हादरले. टक्केवारीवर चालणारी सूत्रे शून्याखाली चालतच नाहीत. दोन दिवसांनी शिकागोच्या सीएमई बाजाराने तेलावरील ऑप्शनचे मूल्य काढण्यासाठी पद्धत बदलली आणि १९०० सालच्या बाशेलिए यांच्या गणितावर आधारलेले सूत्र लागू केले.