शिंपल्यातील रंगांचा मागोवा घेणारे रामन

चंद्रशेखर वेंकट रामन हे नाव घेतले की १९३०चे नोबेल पारितोषिक आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आठवतो. परंतु शिंपले, पिसे, फुलपाखरे आणि खनिजे यांच्या झळाळीने या शास्त्रज्ञाला आयुष्यभर किती वेड लावले होते, हे फारसे सांगितले जात नाही.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे त्यांचा जन्म झाला. वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकत असतानाच, १९०६ साली, त्यांचा प्रकाशाविषयीचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या काळी संशोधनावर पोट भरणे अवघड होते, म्हणून १९०७मध्ये ते वित्त खात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्यास गेले. दिवसा हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ बऊबाजारातील विज्ञानसंस्थेत प्रयोग, असा क्रम त्यांनी दहा वर्षे चालवला. १९१७ साली मोठ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी विद्यापीठातील प्राध्यापकपद स्वीकारले.

१९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना खिळवून ठेवले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा मानले जाई. रामन यांनी जवळच्या छोट्या लोलकाने पृष्ठभागावरील परावर्तन अडवून पाहिले. निळाई तशीच राहिली. ती पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाची होती. बोट मुंबई बंदरात पोहोचली तेव्हा त्याविषयीचे टिपण तयार होते. याच वाटेने पुढे १९२८चा रामन परिणाम हाती आला.

१९३३मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. कारभारावरून वाद पेटले, चौकशी झाली आणि १९३७मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. मात्र याच धकाधकीच्या वर्षांत त्यांनी शिंपल्यांच्या रंगांवर निबंध लिहिले. शिंपल्याच्या आतील बाजूस चुनखडीयुक्त पदार्थाचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. निरनिराळ्या थरांवरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात. काही रंग उजळतात, काही मावळतात. शिंपला किंचित फिरवला की रंग पालटतो तो यामुळेच. त्याची पूड केली तर हाती पांढरी भुकटीच उरते. ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने शिंपला मेणावर दाबून मेणावरही रंग उमटवले होते. म्हणजे पृष्ठभागावरील सूक्ष्म रेषांचाही त्यात वाटा होता. रामन यांनी ही दोन्ही कारणे वेगळी करून तपासली.

दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या नीळकंठाच्या पिसांवरही त्यांनी १९३४ साली लिहिले. तो निळा रंग कोणत्याही निळ्या रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेचा आहे आणि साध्या प्रकीर्णनाने त्याचा पूर्ण उलगडा होत नाही, असे त्यांनी मांडले. पुढे लॅब्राडोराइटसारखी झळाळणारी खनिजे आणि जमिनीत गाडले जाऊन इंद्रधनुषी झालेली प्राचीन काचही त्यांच्या भिंगाखाली आली.

१९४८मध्ये निवृत्त झाल्यावर, म्हैसूर सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था उभी केली. सरकारी अनुदानासोबत येणाऱ्या अटी त्यांना नको होत्या. त्यासाठी देणग्या मिळवत फिरण्याची दगदग त्यांनी पत्करली. तिथल्या संग्रहालयात त्यांनी वेचलेले हिरे, शिंपले, फुलपाखरे आणि खनिजे मांडलेली होती. शाळकरी मुले आली की ते स्वतः ती दाखवत आणि रंग कुठून आला, हे विचारून त्यांना विचारात पाडत. १९५४ साली त्यांना भारतरत्न मिळाले. उतारवयात फुलांचे रंग आणि मानवी दृष्टी हे त्यांचे विषय झाले.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे समाधी वा पुतळा नाही. त्या जागी एक झाड लावले आहे.