मैत्रीतून व्यवसाय, व्यवसायातून सेवा : रोटरीचे जनक पॉल हॅरिस

एखाद्या व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व घ्यावे की नाही, असा विचार करणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो लाभाचा. ओळखी किती वाढतील आणि त्यातून कामे किती मिळतील, याचा हिशेब प्रत्येकजण मनातल्या मनात मांडतो. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आज जगभर सेवाकार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या रोटरीचा आरंभही याच हिशेबातून झाला होता. मात्र तिचे संस्थापक पॉल पर्सी हॅरिस यांच्या आयुष्याने या हिशेबाला वेगळेच वळण दिले.

हॅरिस यांचा जन्म १९ एप्रिल १८६८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील रॅसिन या गावी झाला. वडिलांचा व्यवसाय बुडाल्याने वयाच्या तिसऱ्या वर्षीच त्यांची रवानगी आजी-आजोबांकडे झाली. व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफर्ड या छोट्या गावात ते वाढले. सर्वजण एकमेकांना नावाने ओळखतात आणि अडीअडचणीला धावून जातात, अशा त्या गावाचे संस्कार त्यांच्या मनावर कायमचे उमटले. विद्यार्थी म्हणून मात्र ते खोडकर होते. व्हरमाँट विद्यापीठातून त्यांना काढून टाकण्यात आले. प्रिन्स्टनमधील शिक्षणही आजोबांच्या निधनामुळे अर्धवट राहिले. अखेर १८९१ मध्ये आयोवा विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी मिळविली.

पदवी हाती येताच वकिली सुरू न करता त्यांनी पाच वर्षे जग पाहण्याचे ठरविले. या काळात त्यांनी वृत्तपत्रांत बातमीदारी केली, फळबागेत मजुरी केली, हॉटेलात रात्रपाळीचे कारकून म्हणून काम पाहिले आणि गुरे वाहून नेणाऱ्या जहाजावरून इंग्लंडही गाठले. संगमरवराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून त्याचा विश्वास संपादन करणे किती अवघड असते, याचा अनुभव या फिरस्तीत त्यांच्या गाठी जमा झाला.

१८९६ मध्ये हॅरिस शिकागोत स्थायिक झाले आणि त्यांनी वकिली सुरू केली. झपाट्याने वाढणाऱ्या त्या महानगरात व्यवसाय होता, पण जिव्हाळा नव्हता. कामाच्या निमित्ताने दिवसभर माणसे भेटत, सुटीचा दिवस मात्र एकाकी जाई. १९०० च्या सुमारास एका वकील मित्राबरोबर त्याच्या उपनगरात फेरफटका मारताना हॅरिस यांना एक गोष्ट जाणवली. तेथील दुकानदार त्या मित्राला नावाने हाक मारीत होते. ग्राहक आणि व्यापारी हे एकमेकांचे स्नेही असू शकतात, हे गावाकडचे चित्र शहरातही उभे करता येईल, असे त्यांना वाटू लागले.

ही कल्पना प्रत्यक्षात यायला आणखी पाच वर्षे लागली. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोतील युनिटी बिल्डिंगच्या सातशे अकरा क्रमांकाच्या खोलीत चौघेजण एकत्र आले. हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि कपड्यांचे व्यावसायिक हायरम शोरी हे ते चौघे. छपाई व्यावसायिक हॅरी रगल्स हे लवकरच पाचवे सदस्य झाले. सुरुवातीच्या बैठका आळीपाळीने प्रत्येकाच्या व्यवसायाच्या ठिकाणी होत. या फिरत्या क्रमावरूनच रोटरी हे नाव पडले.

या मंडळाचा एक नियम विशेष महत्त्वाचा होता. प्रत्येक व्यवसायातून एकच सदस्य घेतला जाई. बैठकीत प्रतिस्पर्धीच नसल्याने माणसे मोकळेपणाने बोलू शकत. वकिलाला छपाई हवी असेल तर तो रगल्सकडे जाई, कोळसा हवा असेल तर शीलकडे. कोणी कोणाला किती काम मिळवून दिले, याची नोंद ठेवण्यासाठी स्वतंत्र पदाधिकारी नेमलेला असे. १९०६ च्या नियमावलीत दोनच उद्देश होते. एक म्हणजे सदस्यांच्या व्यवसायाची वृद्धी आणि दुसरा परस्परस्नेह.

या हिशेबावर पहिला आक्षेप आला तो बाहेरून. १९०६ मध्ये पेटंट वकील डोनाल्ड कार्टर यांना सदस्यत्वाचे निमंत्रण देण्यात आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. केवळ आपल्याच सदस्यांचे भले पाहणारी संस्था फार काळ टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हॅरिस यांना हा मुद्दा पटला. नियमावलीत नगराच्या हिताचा तिसरा उद्देश समाविष्ट झाला आणि कार्टर सदस्य झाले. १९०७ मध्ये क्लबने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याची मोहीम हाती घेतली. दारूचे गुत्ते आणि मोठी दुकाने यांच्याकडून त्याला विरोध झाला, कारण स्वच्छतागृहाच्या निमित्ताने येणारे गिऱ्हाईक त्यांना गमवायचे नव्हते. तरीही काम तडीस गेले.

क्लबमधील सर्वांनाच हा बदल रुचला नव्हता. आपला व्यवसाय वाढतो आहे, मग इतर शहरांची उठाठेव कशाला, असे मानणारा गट होता. हॅरिस यांनी मात्र विस्ताराचा आग्रह सोडला नाही. १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसरा क्लब स्थापन झाला. १९१० मध्ये सोळा क्लबांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. हॅरिस तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि चेस्ली पेरी यांच्याकडे चिटणीसपद आले. १९१२ मध्ये कॅनडातील विनिपेग क्लबच्या सहभागाने संघटना आंतरराष्ट्रीय बनली. त्याच वर्षी हॅरिस अध्यक्षपदावरून निवृत्त झाले.

या जडणघडणीत विक्रीकला शिकविणारी संस्था चालविणारे आर्थर फ्रेडरिक शेल्डन यांचा वाटा मोठा होता. विक्री म्हणजे ग्राहकाची सेवा आणि उत्तम सेवा देणाऱ्यालाच अधिक नफा होतो, असा त्यांचा सिद्धांत होता. १९१०-११ च्या अधिवेशनांतून मांडलेला हा विचार पुढे रोटरीच्या ब्रीदवाक्यात उतरला. नफा आणि सेवा यांना परस्परविरोधी न मानणारी ही भूमिका व्यापारी सदस्यांना पटणारी होती.

भारतात रोटरी आली ती कोलकात्यात, १९१९-२० मध्ये. मुंबईचा क्लब १९२९ मध्ये सुरू झाला. पुढे १९६२ मध्ये नितीश लाहरी हे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष होणारे पहिले भारतीय ठरले.

या वाटचालीला एक उणी बाजूही आहे. ज्या जाळ्यातून व्यवसायाच्या संधी मिळत होत्या, त्यात स्त्रियांना अनेक दशके स्थान नव्हते. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर हे चित्र बदलू लागले आणि १९८९ मध्ये नियमावलीतील पुरुषांपुरती मर्यादा हटविण्यात आली. संघटनेचे दार बंद असणे म्हणजे बाजारपेठेचेही दार अर्धे बंद असणे, हे त्या लढ्याने दाखवून दिले.

उत्तरायुष्यात हॅरिस यांनी पत्नी जीन यांच्यासह अनेक देशांचा प्रवास केला आणि ठिकठिकाणी मैत्रीचे प्रतीक म्हणून झाडे लावली. २७ जानेवारी १९४७ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ रोटरी फाउंडेशनकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि त्याच वर्षी अठरा विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. १९८५ पासून पोलिओ निर्मूलनाच्या कामातही रोटरीने मोठा वाटा उचलला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामागे या प्रयत्नांचेही बळ होते.

नव्या शहरात, ओळखीपाळखीशिवाय व्यवसाय सुरू करणाऱ्या तरुणाला आजही हॅरिस यांच्याइतकाच एकाकीपणा जाणवतो. त्याला संघटनेतून कामे मिळतील, यात शंका नाही. पण ती पहिल्याच बैठकीत मिळत नाहीत. सहकाऱ्याचा शब्द खरा असतो का, तो स्वतःचा वेळ देतो का, हे माणसे वर्षानुवर्षे पाहतात आणि मगच आपले काम त्याच्या हाती सोपवितात. कोणी कोणाला किती काम दिले याची वही ठेवणाऱ्या त्या मूठभर शिकागोकरांनी वहीपलीकडे पाहण्याचे धाडस केले, म्हणूनच त्यांची संघटना शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.