टपालाने जिंकलेले डाव : गुलाम कासिम

बुद्धिबळातील एखाद्या चालीला हिंदी माणसाचे नाव कायमचे चिकटावे, हा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला. मद्रासचे गुलाम कासिम हे त्यांपैकी एक होत. ते १८४४ साली निवर्तले. परंतु बुद्धिबळाच्या ग्रंथांतून त्यांचे नाव आजही छापले जाते.

मद्रासेस तेव्हा कंपनी सरकारचा अंमल होता. १८२८ साली मद्रास आणि हैदराबाद येथील खेळाडूंत पत्राने दोन डावांचा सामना झाला. आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हते. चाल कागदावर लिहावयाची, डाकेने धाडावयाची आणि उत्तर येईपर्यंत पट तसाच मांडून ठेवावयाचा! लंडन व एडिंबरो यांच्यातील प्रसिद्ध पत्र-सामना त्याच सुमारास, १८२४ ते १८२८ या काळात चालला होता. मद्रासने दोन्ही डाव जिंकले. त्या संघात गुलाम कासिम होते.

पुढल्याच वर्षी, म्हणजे १८२९ साली, मद्रासच्या मुलकी नोकरीतील जेम्स कॉक्रेन यांच्यासह त्यांनी मुझिओ गँबिटचे विवेचन करणारा ग्रंथ मद्रासेसच छापला. एकाच आरंभावर लिहिलेल्या जगातील पहिल्या काही ग्रंथांत त्याची गणना होते. या आरंभात पांढरा आपला घोडा मारू देतो आणि त्या मोबदल्यात काळ्या राजावर चालून जातो. पाचव्या चालीला किल्लेकोट न करता वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सारावयाचे, या प्रकारास गुलाम कासिम यांचे नाव मिळाले आहे.

यातील मौज माझ्या ध्यानात आली ती आजोळच्या पटामुळे. पेडण्यास माझे मामा देशी रीतीने खेळत. त्यात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरके. म्हणजे ज्या चालीने गुलाम कासिम अमर झाले, ती आमच्या त्या पटावर बेकायदाच ठरली असती! परक्या कायद्याचा खेळ आत्मसात करून त्यातच नवी वाट दाखविणे, हे सामान्य बुद्धीचे काम नव्हे.

मी संगीत शिकवितो. केवळ गळ्यात राहिलेल्या कितीतरी चिजा गवयाबरोबरच गेल्या, हे मला ठाऊक आहे. पटाचेही तसेच आहे. गुलाम कासिम उरले ते त्यांनी लिहून ठेविले म्हणून. मामांचे डिचोलीच्या एका व्याह्यांशी कार्डांवरून डाव चालत. त्यांतले एकही कार्ड आज घरात नाही. कोणाच्या माळ्यावर असे कागद असतील, तर ते रद्दीत घालू नयेत, एवढीच विनंती.