प्रभातच्या फाटकावर बसलेली नायिका

मैत्रिणींनो, पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तिथे पूर्वी प्रभात फिल्म कंपनी होती. १९३९ साली या कंपनीच्या फाटकावर एक तरुणी चक्क उपोषणाला बसली. कोणी पुढारी नव्हे हं, प्रभातचीच गाजलेली नायिका, शांता आपटे!

शांताबाई मूळच्या सोलापूरकडच्या दुधनीच्या. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. लहानपणीच गाणं शिकल्या आणि १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मधून पडद्यावर आल्या. चांगल्या घरच्या मुलीने तोंडाला रंग लावायचा म्हणजे तेव्हा केवढा गहजब! पुढे प्रभातचा ‘अमृतमंथन’ आला आणि त्यांचं नाव झालं.

पण खरी कमाल १९३७ च्या ‘कुंकू’ची. व्ही. शांतारामांचं दिग्दर्शन, ना. ह. आपट्यांची कथा. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. रडत बसत नाही, तोंडावर बोलते. म्हातारा झाले होते केशवराव दाते. हिंदीत हाच चित्रपट ‘दुनिया ना माने’ नावाने निघाला, त्यातही शांताबाईच. आपली गाणीही त्यांनीच गायली, त्यात एक इंग्रजी कवितासुद्धा! गाताना पुतळ्यासारखं उभं राहायचं ही तेव्हाची रीत. यांचे डोळे, हात, मान सगळं गाण्याबरोबर बोलायचं.

अशा बाईचं कंपनीशी कराराच्या अटींवरून बिनसलं, तेव्हा ती गप्प कशी बसणार? दुसरी कोणी घरी बसून हळहळली असती, यांनी सरळ फाटक गाठलं. पडद्यावरच्या नीरेला टाळ्या वाजवणं सोपं होतं, पण आपल्या हक्कासाठी भांडणारी खरीखुरी बाई कितीजणांना सोसली असेल, मला शंकाच आहे. शेवटी त्या प्रभातमधून बाहेर पडल्या. १९४० मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं. नटीने पुस्तक लिहायचं, तेही याच धंद्यावर!

मग त्या थेट मद्रासकडे वळल्या. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त नायिका शांताबाई आणि नारद कोण, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी! आपले संवाद उसन्या आवाजात नकोत म्हणून शांताबाई चक्क तमिळ शिकल्या. आपल्याला शेजारच्या राज्यातली चार वाक्यं जमत नाहीत!

पुढेही त्यांनी बरेच चित्रपट केले, पण ‘कुंकू’ची सर त्यांना आली नाही. १९६४ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती.